हलक्या हाताची विद्या

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी जमिनीवर अंथरलेल्या ताडपत्र्यांची आपली एक मांडणी असते. कुलपांच्या ढिगाशेजारी नळाच्या तोट्या, तोट्यांशेजारी बंद पडलेली मनगटी घड्याळं, त्यांच्यापलीकडे अडकित्ते, पानाचे डबे, पट्टे तुटलेले कॅमेरे, दारांच्या बिजागऱ्या. माणसं उकिडवी बसतात, एखादी वस्तू उचलतात, उलटसुलट करतात आणि पुन्हा ठेवून देतात. अशाच एका ताडपत्रीवर, बिस्किटांच्या चौकोनी डब्यात, चाव्या आणि स्क्रूंच्या गर्दीत दाढीचा एक जुना रेझर पडलेला होता. मळकट, करडा, डोक्यापाशी साबणाचा पांढरा थर धरलेला. उचलला तेव्हा हात किंचित खाली गेला. एवढ्याशा वस्तूला एवढं वजन असेल असं डोळ्यांना वाटलं नव्हतं.

"आत पितळ आहे, दादा," विक्रेता म्हणाला. "इंग्लंडचा माल. खोलून बघा की."

खोलून बघा, हे आमंत्रण मला फार मोलाचं वाटतं. हल्ली घरात येणाऱ्या बहुतेक वस्तू खोलता येत नाहीत. त्यांची कवचं चिकटवलेली असतात, आणि आत काय चाललंय ते आपल्याला कधी कळत नाही. हा रेझर मात्र मूठ फिरवली तशी कुरकुरत सुटला आणि तळहातावर त्याचे तीन भाग झाले. मूठ, खालची पट्टी आणि वरची बाकदार टोपी. बस्स. ना स्प्रिंग, ना खटका. टोपीला खालून दोन बाजूंना छोट्या खुंट्या आणि मधोमध आटे पाडलेला दांडा. पट्टीच्या पाठीवर हिऱ्याच्या आकाराची चौकट, तिला आरपार गेलेला बाण, जिलेटचं नाव आणि 'मेड इन इंग्लंड'. पुढे घरी येऊन ताडून पाहिल्यावर कळलं की हा 'टेक' नावाचा नमुना. १९३० च्या दशकाच्या अखेरीस जिलेटने तो काढला आणि पुढे कित्येक वर्षं बनवला. त्याआधीच्या रेझरांना पात्याखाली फणीचे दाते असायचे. टेकमध्ये दाते गेले, त्यांच्या जागी सलग कड आली आणि तिच्यामागे फेस वाहून जायला खाचा.

नवशिक्याने जुना रेझर घेताना काय बघावं, हे तसं थोडक्यात सांगता येतं. आटे झिजलेले नसावेत. पट्टी वाकलेली नसावी. मूठ पोकळ असेल तर तिला तडा गेलेला नसावा, कारण त्या नळीला वरून खाली बारीक भेग जाणं ही जुन्या रेझरांची नेहमीची व्याधी. मूठ फिरवल्यावर डोक्याची दोन दारं उघडणारा प्रकार असेल, तर ती दारं एकाच वेळी, एकाच पातळीत मिटायला हवीत. सगळ्यात शेवटी, नवं पातं घालून रेझर डोळ्यांसमोर आडवा धरायचा आणि दोन्ही बाजूंना पात्याची कड सारखीच बाहेर डोकावते का ते पाहायचं. एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, असं असेल तर तो रेझर कपाटात ठेवायला ठीक, गालावर नको. निकेलचा मुलामा उडून कुठे कुठे पितळ दिसत असेल तर बिघडत नाही. ते वयाचं लक्षण आहे. उलट एखादा फारच चकाकत असेल, तर कुणीतरी त्याला अलीकडे नव्याने पाणी चढवलेलं असण्याचा संभव असतो. चारशेचा आकडा अडीचशेवर आला आणि रेझर माझ्या शबनममध्ये पडला.

या वस्तू तिथवर येतात कशा? दाढीचा रेझर सहसा कुणी विकत नाही. तो ना दागिना, ना भांडं. मोडीत घालावा इतका जडही नाही. तो माणसासोबत राहतो आणि माणूस गेला की फडताळात, आरशामागच्या कोनाड्यात, नाहीतर माळ्यावरच्या ट्रंकेत पडून राहतो. मग एक दिवस वाडा बिल्डरकडे जातो, माळा रिकामा होतो, आणि ज्या पसाऱ्याचं काय करायचं ते कुणालाच सुचत नाही तो पोत्यात भरून भंगारवाल्याकडे जातो. तिथून निवडून निवडून ही ताडपत्री. वाटेत नावं गळून जातात. उरते ती फक्त झीज. माझ्या रेझरच्या मुठीवर बारीक जाळीदार नक्षी आहे आणि एका बाजूला, अंगठा टेकतो त्या जागी, ती जवळजवळ गुळगुळीत झाली आहे. तिथे आता माझा अंगठा टेकतो. त्या माणसाविषयी मला एवढंच ठाऊक आहे: तो उजव्या हाताने दाढी करायचा की डाव्या, तेही सांगता येणार नाही, पण तो रोज तिथेच अंगठा टेकवायचा.

परक्या माणसाची इतकी अंगालगतची वस्तू वापरावी का, असा संकोच पुष्कळांना वाटतो, आणि तो समजण्यासारखा आहे. पण धातूचं बरं असतं. धातू धुता येतो. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना मऊ टूथब्रश आणि घाई नसलेली दुपार, एवढ्यावर बहुतेक काम भागतं. शेवटी स्पिरिटने पुसून घ्यायचं. आपल्या घरात पितळ म्हटलं की हात आपसूक चिंचेकडे किंवा पितांबरीकडे जातो; इथे तो आवरावा लागतो. निकेलचा थर अतिशय पातळ असतो, आणि आंबट पदार्थ किंवा खरखरीत पूड त्याला सोसत नाही. म्हणून दर वेळी थोडंच घासायचं, धुवायचं, बघायचं, पुन्हा थोडं. खाचांमध्ये घट्ट बसलेला साबण दातकोरणीने उकरताना तो पापुद्र्यापापुद्र्याने निघत होता. खालून टोपीची आतली बाजू उघडी पडली तेव्हा ती इतकी लख्ख निघाली की अनेक वर्षं तिथे उजेडच पोचला नव्हता हे लक्षात आलं.

ज्या माणसाचं नाव या पट्टीवर कोरलंय, तो किंग कॅम्प जिलेट मुळात फिरता विक्रेता होता. बाटल्यांची पत्र्याची बुचं बनवणाऱ्या कंपनीचा माल तो विकायचा. त्या बुचाचा जनक विल्यम पेंटर याने त्याला सुचवलं होतं म्हणतात की, लोक वापरून फेकतील आणि पुन्हा विकत घ्यायला येतील असं काहीतरी शोधून काढ. १८९५ च्या सुमारास, दाढी करता करताच, जिलेटच्या मनात पातळ पात्याची कल्पना आली. कल्पना सोपी होती, पोलाद अवघड. इतका पातळ पत्रा कडक करायचा, तोही न वाकवता, आणि त्याला धार द्यायची, हे जमणार नाही असंच जाणकार सांगत होते. विल्यम निकरसन नावाच्या अभियंत्याने ते जमवलं. १९०३ साली विक्री सुरू झाली तेव्हा वर्षभरात ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढच्याच वर्षी रेझरांचा आकडा ९० हजारांपलीकडे गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने आपल्या सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले, आणि स्वतःची दाढी स्वतः करायची सवय अंगी लावूनच ते सैनिक घरी परतले.

याच जिलेटने १८९४ मध्ये एक पुस्तक लिहिलं होतं, 'द ह्यूमन ड्रिफ्ट'. त्यात त्याने धंद्यातली स्पर्धा संपवून टाकावी, असं मांडलं होतं. नायगाऱ्याच्या धबधब्यावर चालणारं एकच प्रचंड नगर उभारावं आणि माणसांनी तिथे एकत्र राहावं, हे त्याचं स्वप्न. ते नगर झालं नाही. झाली ती पात्याची पुडी, आणि तिच्यावर वर्षानुवर्षं छापला गेलेला त्याचा मिशीवाला चेहरा. त्या दोन गोष्टी एकाच डोक्यातून निघाल्या याचं मला आधी नवल वाटायचं. आता रेझर रोज हातात घेतल्यावर वाटतं, त्याच्या शोधातच दोन विचार एकत्र नांदतायत. पातं चार दिवसांचं आणि मूठ जन्माची. सगळा धंदा पात्यावर उभा, म्हणून मूठ टिकाऊ करणं परवडलं. झिजणारा भाग आणि टिकणारा भाग वेगळे ठेवले, तर टिकणारा भाग मनापासून घडवता येतो. पुढे दोन पात्यांची, मग तीन, पाच पात्यांची कार्ट्रिज आली, मूठ हलकी आणि प्लास्टिकची झाली, आणि ही साधी वाटणी विस्कटली.

१९३० मध्ये पात्याचा घाट बदलला. मधे लांब खाच आली आणि चारही कोपरे कापले गेले. कारण असं की रेझर हातातून निसटून पडला की डोक्याचा कोपरा वाकायचा आणि तिथे पातं केस ओढू लागायचं. कोपराच काढून टाकल्यावर तो त्रास मिटला. तो कापलेला कोपरा आजही आहे. गल्लीतल्या वाण्याकडून टोपाझची किंवा सेव्हन ओ'क्लॉकची पुडी आणा, मेणकागद उलगडा, आणि चार कोपरे पाहा. ते पातं माझ्या रेझरात असं बसलं की जणू दोघं एकाच कारखान्यात, एकाच सकाळी बनली. लंडनबाहेर ग्रेट वेस्ट रोडवर, आयलवर्थला, १९३७ साली जिलेटचा घड्याळाच्या मनोऱ्याचा कारखाना उभा राहिला. वास्तुकलेच्या इतिहासाचा प्रसिद्ध ग्रंथ लिहिणाऱ्या सर बॅनिस्टर फ्लेचर यांनी तो आखला होता. तिथलं रेझरांचं काम आता थांबलंय. पण दोन वेगळ्या काळांतल्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या कामगारांची मापं माझ्या बेसिनवर तंतोतंत जुळतात. या जुळण्यात मला दिलेला शब्द पाळल्याचं समाधान दिसतं.

अमेरिकेत बनलेल्या जिलेट रेझरांवर १९५० च्या दशकापासून एक अक्षर आणि एक अंक असायचा, वर्ष आणि तिमाही सांगणारा. त्यामुळे आपल्या जन्माच्या तिमाहीतला रेझर शोधत फिरणारे शौकीन आहेत. माझ्या रेझरवर असं काही नाही. तो कुठल्या साली बनला, ते मला सांगता येणार नाही आणि त्याने काही अडतही नाही.

आपल्याकडे दाढी ही फार काळ दुसऱ्याच्या हातची गोष्ट होती. नाभिक धोकटी घेऊन घरी यायचा, ओसरीवर पाट मांडला जायचा, वाटीत पाणी यायचं, आणि घरचा कर्ता पुरुष मान वर करून आपला गळा त्याच्या वस्तऱ्याखाली बिनघोर द्यायचा. गावातल्या बातम्या, सोयरिकी, पीकपाणी, सगळं त्या बैठकीत व्हायचं. आजही सलूनमधल्या खुर्चीवर डोळे मिटून बसलं की त्या विश्वासाची ऊब लागते. "उलटा हात मारू का?" असं कारागीर हलकेच विचारतो, आणि आपण हुंकार देतो. सेफ्टी रेझरने ही बैठक मोडली. माणूस आरशासमोर एकटा उभा राहिला. खिडकीच्या गजाला टांगलेला आरसा, मग, ब्रश, साबणाची वडी आणि घरात कुणीही बोलू नये अशी ती दहा मिनिटं. ओठ एका बाजूला ओढलेले असताना बोलता येत नाही, म्हणून वडीलधारी मंडळी तेवढ्यापुरती गप्प असायची. मुलं दारात उभी राहून बघायची. पण बघण्यानं विद्या येत नाही. आमची पिढी मिसरूड फुटलं तेव्हा थेट कार्ट्रिजवर गेली, आणि मधली ही विद्या कुणी कुणाला दिलीच नाही.

मला ती मिळाली शेजारच्या काकांकडून. ऐंशी ओलांडलेले काका अजून रोज सकाळी अशाच रेझरने दाढी करतात. मी माझा रेझर त्यांना दाखवायला नेला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, रेझर उघडला, पट्टीची कड नखाने चाचपली आणि पुन्हा जुळवला.

"चांगलाय," ते म्हणाले. "एक लक्षात ठेव. दाबायचं नाही. मूठ टोकाशी धर, आणि त्याचं वजन त्याला वाहू दे. तू फक्त वाट दाखव."

यापलीकडे त्यांनी फार काही सांगितलं नाही. बाकीचं बोटांना कळत जातं. आधी चेहरा कोमट पाण्याने भिजवायचा. ओला केस मऊ पडतो, त्याला काही मिनिटं द्यावी लागतात. ब्रश पाण्यात बुडवून झटकायचा, साबणाच्या वडीवर गोल फिरवायचा. सुरुवातीला येतात ते मोठे, चटकन विरणारे बुडबुडे. थेंबभर पाणी घालत फिरवत राहिलं की ते बारीक होत जातात आणि मग एका क्षणी फेसाचा रंगच बदलतो, तो दाट, सायीचा होतो. गालावर लावल्यावर ब्रशची टोकं खुंट उभे करतात. मग कोन. टोपी गालाला टेकवायची, मूठ आडवी, आणि पातं लागेपर्यंत मूठ हळूहळू खाली आणायची. साधारण तीस अंशांवर तो कोन सापडतो. तो डोळ्यांनी सापडत नाही, कानांनी सापडतो. कोन बरोबर असला की बारीक, कोरडा खरखर आवाज येतो. खुंट कापले जात असल्याचा. कोन चुकला की आवाज बंद होतो आणि रेझर नुसता फेस ढकलतो.

हा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, कारण आधी ऐकावं लागलं नव्हतं. कार्ट्रिजची मान वळते, ती गालाच्या चढउतारांशी स्वतःच जुळवून घेते, आणि हाताला फक्त ओढण्याचं काम उरतं. इथे डोकं घट्ट आहे. जबड्याच्या कोपऱ्यावर वळायचं ते मनगटाने. हनुवटीखालच्या खळग्यात कातडी ताणायची ती दुसऱ्या हाताने. आणि दाब जराही वाढला तर ते मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकं पातळ पातं लगेच सांगतं. पुढे तुरटीचा ओला खडा फिरवला की सकाळची सगळी हकीकत गळ्यावर वाचता येते. जिथे हात जड झाला तिथे तुरटी झोंबते. जिथे झोंबत नाही, तिथे हात शहाणा होता.

पन्नासेक ग्रॅमचा हा पितळेचा तुकडा मला जे शिकवतोय ते दाढीपुरतं आहे की नाही, याचा मी विचार करतो. लहानपणापासून आपल्याला जोर लावायला शिकवलं जातं. झाकण उघडत नाही, जोर लाव. गणित सुटत नाही, जोर लाव. काम होत नसेल तर आपणच कमी पडतोय, असं मनावर ठसलेलं असतं. इथे मात्र धार पात्याची, वजन मुठीचं, आणि हाताने फक्त कोन राखायचा. एवढंच करायचं, पण लक्ष देऊन. जिथे आपल्या जोराची गरजच नाही अशा जागा आयुष्यात किती असतील, आणि तिथे आपण किती बळ खर्चत असू? माझ्या एका मैत्रिणीला ही ओळख स्वरमंडलाच्या तारांवर झाली, आईला ती पुरणपोळी लाटताना फार पूर्वीच झालेली होती. मला ती बेसिनपाशी, एका अनोळखी माणसाच्या रेझरमधून, वयाच्या मध्यावर होतेय. कुठून का होईना, होतेय.

वापरलेल्या पात्यांचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक घराने आपापल्या परीने सोडवला. अमेरिकेतल्या जुन्या घरांत न्हाणीघराच्या कपाटाला मागे बारीक फट ठेवलेली असायची. पातं तिच्यातून भिंतीत पडायचं आणि तिथेच राहायचं. आजही घर पाडताना त्या भिंतींतून गंजलेल्या पात्यांची रास निघते. आपल्याकडे पातं इतक्यात निवृत्त होत नसे. दाढीतून उतरलं की ते शिवणाच्या पेटीत जायचं, टाके उसवायला. नाहीतर मुलांच्या कंपासपेटीत, पेन्सिलीला टोक करायला. मी एक पत्र्याचा डबा केला आहे, झाकणाला चीर पाडून. पातं आत टाकलं की तळाशी टिणकन वाजतं. वेगवेगळ्या कंपन्यांची पाती मी अजून आलटूनपालटून पाहतो आहे. एकच पातं एकाला लोण्यासारखं वाटतं आणि दुसऱ्याच्या गळ्याला बोचतं, आणि त्याचं उत्तर पुडीवर छापलेलं नसतं. ते आपल्या कातडीला विचारावं लागतं.

माझ्या गळ्याच्या डाव्या बाजूला, जबड्याच्या थोडं खाली, केस सरळ खाली न वाढता कानाच्या दिशेने आडवे वाढतात. इतकी वर्षं दाढी करूनही हे मला माहीत नव्हतं. दाढी दोन दिवस वाढू द्यायची आणि डोळे मिटून बोटं चारी दिशांनी फिरवायची. ज्या दिशेला बोटं अडतात ती उलटी, ज्या दिशेला सरकतात ती सुलटी. आपल्याच चेहऱ्याचा हा नकाशा आपल्याला बोटांनी काढावा लागतो. त्या आडव्या केसांचं कोडं मला अजून पुरतं सुटलेलं नाही. काही सकाळी तिथे नीट जमतं, काही सकाळी तुरटी वेगळं सांगते.

परवा भाचा आला होता. ओठांवर लव दाट व्हायला लागली आहे. बेसिनवरचा रेझर त्याने उचलला, आणि माझ्यासारखाच त्याचाही हात किंचित खाली गेला. "मामा, हा खरंच चालतो?" मी म्हटलं, खोलून बघ. त्याने तीन भाग केले, पट्टीवरचं नाव वाचलं, पुन्हा जुळवले आणि विचारलं की मला शिकवशील का. शिकवीन म्हणालो. पण आधी काय हातात द्यायचं त्याच्या, ब्रश की रेझर, की काहीच न देता त्याला स्वतःच्या गालावरून नुसती बोटं फिरवायला सांगायची, यावर माझं अजून ठरत नाहीये. काकांना विचारायला हवं.